ग्राफिक कार्ड वाकलं म्हणून टेकू दिला, टेकूनेच पंखा खाल्ला

कुळागर (फोंडा) | ८ जुलै, रात्री ११:४०

मंडळी, आधी गुन्हा कबूल करते, मग प्रश्न विचारते.

मी घरून लग्नामुंजीचे व्हिडिओ एडिट करते. मशीनमध्ये आरटीएक्स ३०८० आहे, तीन पंख्यांचं, दोन वर्षांमागे सेकंडहँड घेतलेलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दीड किलो भरलं. मे महिन्यात साफसफाई करताना दिसलं की कार्डाचं पुढचं टोक खाली आलंय. भाऊ म्हणाला, "घड आलेल्या केळीसारखं वाकलंय गो तुझं कार्ड." केळ वाकली की आमच्याकडे टेकू देतात, मग मीही दिला. ऑनलाइन मिळतो तो: खाली मॅग्नेट, वर फिरवून उंच करायचा दांडा, डोक्यावर रबराची टोपी. तीनशे साठ रुपये.

कुठे लावावा याचा फार विचार केला नाही. वजन मध्ये असणार असं वाटलं, म्हणून मधोमध लावला आणि कार्ड सरळ दिसेपर्यंत दांडा फिरवत गेले.

जूनमध्ये पाऊस लागला. रात्री रेंडर (तयार व्हिडिओ काढायचं काम) लावला की बारीक कर्र-कर्र आवाज यायचा. घर कुळागराच्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेच्या कडेला, या दिवसांत रातकिडे आणि बेडूक मिळून असा गोंधळ घालतात की तीन आठवडे मी तो आवाज रातकिड्याच्या खात्यावर मांडला. परवा रात्री एकदम 'टक्' झालं आणि मग घरघर. उघडून बघते तर मधल्या पंख्याची दोन पाती गायब. एक तळाशी सापडलं, दुसरं अजून सापडलेलं नाही. टेकूचं डोकं घसरून पंख्याच्या वर्तुळात शिरलं होतं.

लावताना ते पंख्यापासून लांब होतं, शपथ. पण तेव्हा पंखा फिरत नव्हता.

फक्त पंखा बदलून मिळतो का? तोवर दोन पंख्यांवर चालवू का? मे महिन्यातली चार लग्नं अजून द्यायची आहेत, एका नवरीच्या आईचे रोज फोन येतात. आणि टेकू नक्की द्यायचा कुठे?

जुना सोल्डर (म्हापसा) | ९ जुलै, सकाळी ७:१५

पहिली गोष्ट: तुटक्या पात्यांचा पंखा फिरवू नका. तोल गेलेला पंखा तीन हजार आरपीएमला बेअरिंग तर खातोच, शिवाय सगळं कार्ड थरथरवतो. कार्ड खोलून त्याची वायर काढा. मात्र काही कार्डांत दोन पंखे एकाच वायरीवर असतात, आधी बघून घ्या.

दोन पंख्यांवर चालेल, पण आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज ओढावी ती मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा. ३०८० पूर्ण जोरात ३२० वॅट खातं, तेवढी उष्णता दोन पंखे ओढणार नाहीत. ९३ अंशांच्या आसपास कार्ड स्वतःच वेग उतरवतं. तिथपर्यंत जाऊ देऊ नका. रेंडर थोडा लांबेल, नवरीच्या आईला काही तरी सांगा.

पंखा सुटा मिळतो. टेकूचं संध्याकाळी लिहितो, आता दुकान उघडायचंय.

खडूस वाचक | ९ जुलै, सकाळी ९:०२

एवढं दीड किलोचं धूड लागतं कशाला? माझं पंचाहत्तर वॅटचं कार्ड सात वर्षं चालतंय. वाकत नाही, घरघरत नाही, वेगळी वायरसुद्धा लागत नाही.

कुळागर | ९ जुलै, सकाळी ९:२०

@खडूस वाचक, तीन कॅमेऱ्यांचं फोर-के फुटेज पाठवते, करून द्या. जेवण माझ्याकडून.

तेरेखोलपार (पेडणे) | ९ जुलै, दुपारी १:३०

टेकूबिकू काही नको. खालून ढकलण्यापेक्षा वरून टांगा. आमच्या घरात मासेमारीचा तंगूस (नायलॉनचा दोरा) पडलेला असतो. कार्डाच्या वरच्या धातूच्या पाठीला पुढच्या कोपऱ्याजवळ एक भोक होतं, त्यातून दोन पदरी ओवला आणि कॅबिनेटच्या वरच्या जाळीला बांधला. दिसतसुद्धा नाही. खाली काहीच नाही, मग पंख्यात जाणार काय?

अर्धा मेस्त (डिचोली) | ९ जुलै, दुपारी ३:१०

@तेरेखोलपार, कल्पना झकास, पण किती दिवस झाले? नायलॉन ओढ घेत घेत लांबतो. त्यात तो हवेतलं पाणी पितो आणि आणखी सैल होतो. गोव्याच्या पावसात उन्हाळ्यातली गाठ तशीच राहील याची खात्री नाही.

मी लाकडाचा तुकडा वापरतो. यावर कोणी म्हणेल की लाकूड पावसात फुगतं. फुगतं, पण आडवं. धाग्यांच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही. म्हणून दाराची फळी पावसात रुंदीला अडते, उंचीला नाही. तुकडा कापताना धागे उभे राहतील असा कापायचा. मी फणसाच्या लाकडाचा घेतला, वर सायकलच्या ट्यूबची चकती चिकटवली. घरचे विचारतात देवघराचा पाय कॉम्प्युटरमध्ये कशाला घातलास.

तेरेखोलपार | ९ जुलै, दुपारी ३:४०

आठ महिने झाले. आता मोजून बघतो.

तेरेखोलपार | ९ जुलै, दुपारी ४:०५

तीन मिलिमीटर खाली आलंय. मेस्त, तुझं तोंड गोड होवो. गाठ परत मारतो, पण आता पितळी तार आणू का?

जुना सोल्डर | ९ जुलै, संध्याकाळी ८:२५

तार नको. कार्डाच्या पाठीशी धातू सुटा लोंबकळत ठेवणं मला पटत नाही. तार तुटली की कुठल्या पिनांवर पडेल ते सांगता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. टॉवर कॅबिनेटात कार्ड आडवं बसतं, पंखे जमिनीकडे. त्याची मागची बाजू दोन स्क्रूंनी कॅबिनेटला धरलेली आणि एक लांब कड मदरबोर्डच्या स्लॉटात, म्हणजे कार्ड खोचायच्या खाचेत. उरल्या दोन मोकळ्या कडा. त्या दोन्ही जिथे मिळतात तो कोपरा, म्हणजे पुढचा आणि काचेकडचा, तो सगळ्यात जास्त खाली येतो. आधार त्याच कोपऱ्याला. मधोमध दिलेला टेकू वजन उचलतो खरा, पण कोपरा तसाच झुकत राहतो. मग माणूस तो कोपरा सरळ करायला दांडा आणखी फिरवतो आणि मधला भाग उगीच वर ढकलला जातो. कुळागरताईंचं हेच झालं.

आता हिशोब बघा. स्लॉट जेमतेम नऊ सेंटिमीटरचा. तुमचं कार्ड तीस सेंटिमीटरच्या घरात. म्हणजे वीस-एकवीस सेंटिमीटर हवेत आहे. सालीसकट नारळ हात लांब करून धरून बघा, पाच मिनिटांत खांदा बोलायला लागतो. स्लॉट बोलत नाही, एवढाच फरक.

पण टेकू ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी बहुतेक लोक करतच नाहीत. मशीन बंद करा, वायर काढा, कॅबिनेट आडवं झोपवा, मदरबोर्ड खाली. आता कार्ड उभं राहतं आणि वजन सरळ स्लॉटात उतरतं. मागचे दोन्ही स्क्रू सैल करा, कार्ड स्लॉटात नीट दाबून बसवा, मग स्क्रू आवळा. माझ्याकडे 'वाकलेली' म्हणून येणारी निम्मी कार्डं एवढ्यावर सरळ होतात. उभ्या कॅबिनेटात कार्ड बसवताना ते आधीच लोंबत असतं आणि स्क्रू त्याच लोंबत्या जागी आवळले जातात, वाक तिथेच पक्का होतो.

मग कॅबिनेट उभं करून टेकू द्या, आणि तोही नुसता टेकेल इतकाच. टेकूचं काम धरून ठेवण्याचं, उचलण्याचं नाही. दांडा कार्डाला लागला की पाव फेरा, बस. सरळपणा डोळ्याने बघू नका, गवंड्याची पाणसळ असेल तर उत्तम, नाहीतर मोबाईलमधली. आधी टेबल सरळ आहे का तेही बघा. एका गिऱ्हाइकाचं कार्ड आम्ही तासभर सरळ करत होतो, वाकडं होतं ते टेबल.

टेकूचं डोकं पंख्यांभोवतीच्या प्लास्टिकच्या पातळ कडेवर येता कामा नये. ती कड आणि पाती यांच्यात जागा असते फार तर दोन-तीन मिलिमीटर. खालून जोर दिला की प्लास्टिक आत दबतं आणि पाती घासायला लागतात. तुमचा तो 'रातकिडा' बहुधा तोच. पाती तुटली नंतर, त्याआधी तीन आठवडे ती घासत होती.

कुळागर | ९ जुलै, रात्री ९:१०

दादा, तुम्हाला दंडवत. तुटलेल्या पात्याची कड खरंच घासून पांढरी झालीये, आता बघितलं.

बारीक प्रश्न (मडगाव) | १० जुलै

त्या टेकूच्या मॅग्नेटने हार्ड डिस्क उडणार नाही ना? माझी डिस्क त्याच पत्र्याखाली आहे.

जुना सोल्डर | १० जुलै

एसएसडीत, म्हणजे चिपवाल्या डिस्कमध्ये, चुंबकाचा संबंधच नाही. फिरत्या डिस्कच्या आतच त्याहून जोरदार मॅग्नेट असतात. मॅग्नेटची खरी अडचण वेगळी: खालचा पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर तो धरतच नाही. बसतोय असं वाटतं, पण धक्का लागला की सरकतो. ओढून बघा.

चोर्लाघाट (साखळी) | १० जुलै

वाकण्याबद्दल बोलताय तर माझीही दुःखद कथा ऐका.

गेल्या वर्षी पुण्याहून नोकरी सोडून गावी आलो. कॅबिनेट मूळ खोक्यात, थर्माकोल लावून, स्लीपर बसच्या डिकीत. कार्ड आतच. बेळगावपर्यंत ठीक, पुढे चोर्ला घाटाची वळणं आणि खड्डे, त्यात खोकं कोणीतरी आडवं टाकलेलं, तेही उलट्या बाजूवर. घरी येऊन चालू केलं तर डिस्प्ले नाही. स्लॉटच्या टोकाला जी खिट्टी असते ती कार्डाच्या आकड्याला धरून ठेवते ना, तिथेच कार्डाच्या हिरव्या पट्टीला केसाएवढी चीर गेली होती. खिट्टीने एक टोक धरलं, दीड किलोने दुसरं टोक हलवलं, मोडायला आणखी काय हवं?

रिपेअरवाल्याने भिंगाखाली तुटलेल्या तांब्याच्या रेषा दाखवल्या. काही वरच्या थरातल्या होत्या, त्या त्याने केसासारख्या वायरींनी जोडल्या. आतल्या थरातल्या असत्या तर हात वर करणार होता. कार्ड चाललं, पण मी आता ते बघून श्वास रोखतो.

तर प्रवासाला कार्ड काढून वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत. तुम्ही घाटाने जा, रेल्वेने जा, की फोंड्याहून पणजीला जा.

अर्धा मेस्त | १० जुलै

+१. अवांतर: उलट्या बाजूवर म्हणजे मदरबोर्ड छताकडे आणि कार्ड खाली लोंबतंय. माटोळी (चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-नारळ टांगतात ती) बांधून ती पिकअपमधून नेल्यासारखं झालं.

दर्याकाठ (कळंगुट) | ११ जुलै

पंख्यांबद्दल माझे दोन पैसे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वाकण्यापेक्षा मीठ जास्त नडतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण पाणी ओढून विरघळतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती खाली येते कधी? धुळीत मीठ असतंच. त्याचा चिकट लगदा पंख्याच्या आसाभोवती साचतो. मी दर महिन्याला मऊ ब्रशने झाडतो.

आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. मी पहिल्यांदा मजा म्हणून फिरू दिला होता, विमानासारखा आवाज येत होता. बेअरिंग त्या वेगासाठी बनवलेलं नसतं. शिवाय फिरवलेली मोटर उलट वीज बनवते, ती कार्डात जाते.

पाल हा विषय वेगळ्या धाग्याचा आहे. एवढंच सांगतो, कार्ड थंड असताना पंखे थांबलेले असतात आणि पालीला ती जागा आवडते. पुढचं तुम्ही समजून घ्या.

खडूस वाचक | ११ जुलै

घासणाऱ्या पंख्यात घरचं खोबरेल टाकलं तर चालतं का? गंमत नाही, खरंच विचारतोय. माझ्या सात वर्षांच्या कार्डाला आता आवाज येतोय.

जुना सोल्डर | ११ जुलै

अखेर तुम्हीही आलात. खोबरेल नको. ते थंडीत गोठतं आणि काही महिन्यांनी चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल आणा, पंख्याच्या पाठीवरचं स्टिकर अलगद सोलून बुशमध्ये (आस फिरतो त्या नळीत) एकच थेंब. बॉल बेअरिंगचा पंखा असेल तर तेलाने काही होणार नाही, तो बदलायचा. कार्डाचे पंखे जमिनीकडे तोंड करून असतात, म्हणजे आस उभा, साध्या बुशच्या पंख्याला ही स्थिती मानवत नाही. सात वर्षं चाललं म्हणजे नशीब तुमचं.

सायबरसुशेगाद (पणजी) | १२ जुलै

थ्रीडी प्रिंटवाले टेकू फुकट डिझाइनसकट मिळतात, मी एक काढला होता. पीएलए प्लास्टिकचा. वर कार्डाची गरम हवा, पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. महिन्याभरात टेकूने मान टाकली. पुन्हा काढाल तर पीईटीजी किंवा एबीएस, ही प्लास्टिकं जास्त उष्णता सोसतात.

दुसरं, कार्ड उभं बसवायचे किट मिळतात, त्यात वाकायचा प्रश्नच राहत नाही. पण मध्ये रायझर केबल (कार्ड आणि स्लॉट जोडणारी वायर) येते. जुन्या जेन-३ (जेन म्हणजे स्लॉटच्या वेगाची पिढी) केबलवर जेन-४ कार्ड लावलं तर कधी डिस्प्लेच येत नाही, बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन स्लॉट जेन-३ करावा लागतो. आणि पंखे काचेला चिकटले तर श्वास कोंडतो. माझ्या कॅबिनेटात तापमान सात अंश वाढलं, मी परत आडवं केलं.

आणखी एक: आरटीएक्स ४०-मालिकेच्या कार्डवाल्यांनी त्या बारा व्होल्टच्या छोट्या वीज कनेक्टरकडे लक्ष द्या. ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं आणि त्याच महिन्यात वितळलेल्या कनेक्टरचे फोटो फिरायला लागले. तो पूर्ण आत बसलाय ना बघा आणि टेकू लावून झाल्यावर पुन्हा बघा. कार्ड वर आलं की वायर ओढली जाते.

बारीक प्रश्न | १२ जुलै

कार्ड वाकल्याने स्लॉटातला संपर्क गेलाय की नाही हे कळतं कसं? सगळं चालतंय, पण खात्री नाही.

जुना सोल्डर | १२ जुलै

जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, बस इंटरफेस बघा. स्लॉटमध्ये दोन्ही बाजू मिळून १६४ पिना आहेत. काही नीट टेकल्या नाहीत तर कार्ड बंद पडत नाही, गुपचूप x१६ चं (सोळा मार्गांचं) x८ होतं, कधी x१ सुद्धा. काम हळू होतं आणि माणूस विंडोजला शिव्या घालतो. शेजारचा जेनचा आकडा १.१ दिसला तर घाबरू नका, रिकाम्या वेळी वीज वाचवायला तो उतरतो. तिथलं प्रश्नचिन्ह दाबून लोड द्या, तेव्हा वर जायला हवा. काही मदरबोर्डांत दुसरा स्लॉट किंवा एसएसडी भरली की x८ होतंच, ते मॅन्युअलमध्ये असतं.

कुळागर | २१ सप्टेंबर

चतुर्थी झाली, लग्नंही दिली, आता हिशोब देते.

पंख्याच्या पाठीवरचा नंबर वाचून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानाला फोन केला. कुरियरने आला, लावला, आणि फिरला उलटा. माझ्या कार्डात मधला पंखा शेजारच्या दोघांच्या विरुद्ध दिशेने फिरतो, हे मला माहीत नव्हतं. दुकानदाराने कडेचा पाठवला होता. पात्यांचा कल मोबाईलवर फोटो काढून पाठवला तेव्हा कुठे बरोबर आला. म्हणून नवीन घेणाऱ्यांनी नंबरासोबत पात्यांचा फोटोही पाठवा, व्यास आणि भोकांमधलं अंतर मोजून द्या, आणि पिना मोजा.

कार्ड सोल्डरदादांनी सांगितलं तसं झोपवून बसवलं. स्क्रू सैल करताना ते 'टक्' करून स्वतःच जागेवर गेलं. अर्ध्याहून जास्त वाक तिथेच गेला. पुढच्या कोपऱ्याला आमच्या गावच्या मेस्ताने (सुताराने) कापून दिलेला फणसाचा तुकडा, धागे उभे. तो म्हणाला इतकं छोटं काम त्याने उभ्या आयुष्यात घेतलं नव्हतं, पैसे घेईना, शेवटी एक कप चहा आणि पातोळ्या. वायरी मागे झिप टायने बांधल्या, कारण त्यातली एक पंख्यापासून बोटभर अंतरावर लोंबत होती. सगळं झाल्यावर मुद्दाम पंखे शंभर टक्क्यांवर फिरवून कानाने ऐकलं. आधी हे केलं असतं तर…

बाबा चतुर्थीची माटोळी बांधत होते. मी कार्डाचं सांगितलं तर म्हणाले, "नारळांचा घोस कधी पट्टीच्या टोकाला बांधतात काय? खिळ्याजवळ बांधतात." मग त्यांनी आत डोकावून बघितलं आणि विचारलं की यात मग टोकाला वजन ठेवलं कोणी. कार्ड बनवणाऱ्यांनी बाबांना एकदा विचारायला हवं होतं.

काल रात्री पुन्हा कर्र-कर्र. जीव गोळा झाला. मशीन बंद केलं, आवाज चालूच. कपाटामागे निघाला, या वेळी खराखुरा.

खडूस वाचक | २१ सप्टेंबर

दुसरं पातं सापडलं का?

कुळागर | २१ सप्टेंबर

पॉवर सप्लायच्या (एसएमपीएस) जाळीत.